वरच्या साखरेस अनावृत पत्र

श्रीमती वरची साखर यांस,
मुक्काम पोस्ट : चहाचा कप, बिस्किटाचा पुडा, केचपची बाटली आणि 'शक्तिवर्धक' म्हणवणारे यच्चयावत डबे.

स. न. वि. वि.

पत्र बीडहून लिहितो आहे. कचेरीतल्या माणसाला पगार किती यापेक्षा 'वरची' किती, हे विचारायची आपल्याकडे रीत आहे. तुम्हाला, म्हणजे पदार्थात वरून घातलेल्या साखरेला, 'वरची' म्हणतो ते त्याच अर्थाने.

झालं असं, की मुलाने माझ्या फोनमध्ये आहार मोजायचं ॲप टाकून दिलं. पहिल्याच दिवशी बालाघाटच्या डोंगरातली दोन सीताफळं खाल्ली आणि इमानदारीत नोंदवली. साखरेचा आकडा लालभडक! दुसऱ्या दिवशी दोन-दोन चमच्यांचे चार चहा झाले. मी नुसतंच 'चहा, 4 कप' लिहिलं आणि सगळं हिरवंगार. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आमचं फळ आरोपी, आणि आठ चमचे, म्हणजे तीसेक ग्रॅम, पोटात जाऊनही तुम्ही नामानिराळ्या. मानलं बाई!

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये तुमची मर्यादा सांगितली आहे : रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला म्हणजे पन्नास ग्रॅम, जमल्यास पंचवीस. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर या हिशेबात धरलेलीच नाही. ॲप मात्र सगळ्यांना एकाच रकान्यात कोंबतं.

सीताफळ काही साधू नाही. मधुमेही माणसाने पाटी पुढ्यात घेऊन बसू नये. पण त्याची गोडी चोथ्यासकट येते, सावकाश रक्तात उतरते. आणि बिया काढता काढताच माणूस दमतो, तिसरं फळ राहून जातं. रबडीत बिया नसतात. तिथे तुम्ही असता. आणि फळाचा रस काढून गाळला, की त्याची स्वतःची साखरही तुमच्या पक्षात जाते. पक्षांतराचं एवढं नवल महाराष्ट्राला आता राहिलेलं नाही म्हणा.

नावं तरी किती घ्याल? ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप. शिवाय गूळ आणि मध या सोज्वळ बहिणी आहेतच. 'गुळाचा चहा' अशी पाटी दिसली, की लोक औषध घेतल्यासारखे दोन कप जास्त पितात. 2020 च्या नियमांनी पुड्यावर 'एकूण साखर' आणि तिच्याखाली वरून घातलेली साखर वेगळी छापायला लावली. छापतात बिचारे. चष्मा लावून, पुडा उजेडात धरून वाचता येते.

पण तुमचा एक रकाना कुठल्याच पुड्यावर नाही : तुमचा ऊस तोडणाऱ्यांचा. नवरा-बायकोच्या जोडीला ऊसतोडीत 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, फेडेपर्यंत ऊस तोडायचा. एक दिवस खाडा झाला तरी दंड. पाळी, दुखणं, दवाखाना, सगळं खाड्यात. 2019 मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एवढं सोसून तुम्हाला कारखान्यात पोचवायचं, आणि तुम्ही जाऊन बसणार मुलांच्या बिस्किटात. दर चमच्याला काय भाव पडतो, हे ॲपला विचारून पाहिलं. त्याला तो पदार्थ सापडला नाही.

मी बिनसाखरेचा चहा सुरू केला आहे. वाईट लागतो.

कळावे, लोभ आटोपता घ्यावा.

आपला (आता थोडा कमी),
बीडचं एक गिऱ्हाईक

ता. क. दसरा-दिवाळीच्या सुमाराला डोंगरात सीताफळं पिकतात. त्याच दिवसांत गावोगावच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून तुमच्याकडे निघतात.