नानी ट्रॅप

तुंबलेलं सिंक मोकळं करायचे प्लंबरनं फोनवर तीनशे रुपये सांगितले आणि माझ्यातला अभियंता जागा झाला. पदवी मेकॅनिकलची, १९९४ सालची. तिचा आजवरचा एकमेव उपयोग लग्न जमवताना झाला होता. "नळी आणि पाणी, दोनच तर गोष्टी आहेत," मी बायकोला म्हणालो.

"आणि तिसरा तू," ती म्हणाली.

व्हिडिओतल्या बाईंनी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतायला सांगितलं होतं. फस्सकन फेस आला. सातवीतल्या विज्ञान प्रदर्शनातला माझा ज्वालामुखीही असाच उसळला होता. पाणी मात्र तसूभर हललं नाही. मग डोकं शांत करून समीकरण मांडलं. एक आम्ल, एक अल्कली. दोघं एकमेकांना भिडतात आणि एकमेकांचाच निकाल लावतात. मागे उरतं कसल्याशा क्षाराचं पाणी. नळीत थिजलेलं तूप ही मारामारी कट्ट्यावर बसल्यासारखं बघत राहतं.

तूप, कारण आमच्याकडे दर शनिवारी लोणी कढतं आणि बेरीचं पातेलं गार पाण्यानं विसळण्याचं खातं माझ्याकडे आहे. हे मी त्या वेळी कोणाला बोललो नाही.

रबरी पंप आणला, १४० रुपये. जोड-सिंक असेल तर एका भोकावर पंप मारताना दुसऱ्याचं तोंड ओल्या फडक्यानं गच्च बंद करायचं असतं, नाहीतर सगळा दाब तिकडून बाहेर पडतो. तो पडला. तिकडे चाळणीत मोड आलेली मटकी निथळत होती. काळं कारंजं थेट माझ्या चष्म्यापर्यंत आलं, चाळणी कलंडली आणि निम्मी मटकी भोकातून खाली गेली. भोकावरची जाळी अभ्यासासाठी मीच काढून ठेवली होती.

आता पाना हवा होता, म्हणून पुन्हा दुकानात. तिथं एक गिऱ्हाईक "नानी ट्रॅप" मागत होतं. हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर नऊवारीतल्या, कोणाला तरी पेचात पकडणाऱ्या नानी यायच्या. मग एकदा बांधकामाच्या पुस्तकात वाचलं: नहाणी ट्रॅप. म्हणजे न्हाणी! आपली बंब, तांब्याचं घंगाळ आणि उटण्याचा वास असलेली न्हाणी. घरांतून ती कधीच गेली. आधी तिचं बाथरूम झालं, मग वॉशरूम. पण फरशीखाली, जाळीच्या आड, मुकाट्यानं पाणी धरून बसलेल्या त्या भांड्यात शब्द तगला, आणि आज देशभरचे इंजिनिअर इंग्रजी नकाशांवर तो लिहितात. मराठी अभिजात असल्याचे पुरावे शोधायला लोक ताम्रपट वाचतात. माझं म्हणणं, जाळी उचला. (गुजराती मंडळीही या शब्दावर हक्क सांगतील. सांगोत. निदान या वाटणीत भांडायला दोघं आहेत.)

आणि त्या पाणी धरून बसण्यातच सगळी अक्कल आहे. नळीला बाक दिला की वळणात ओंजळभर पाणी कायम राहतं आणि गटाराचा वास त्या पाण्याला अडून मागे फिरतो. संडासाच्या नळीला असा एसच्या आकाराचा बाक देण्याचं पेटंट १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंगनं घेतलं. धंद्यानं तो घड्याळजी. महिनाभर घर बंद ठेवून आल्यावर मोरीला जो वास येतो, तो ती ओंजळ सुकल्याचा. तांब्याभर पाणी ओता, जातो. हे सगळं मी दुकानदाराला सांगितलं. त्यानं पाना दिला आणि सुट्टे मागितले.

घरी येऊन सिंकखाली शिरलो, बादली लावली, बॉटल ट्रॅप उघडला. आतून जे निघालं त्याचं वर्णन करत नाही. आमच्या घरी अजून जेवतात. बादली भरली. ती उचलून मी मोठ्या समाधानानं सिंकमध्ये ओतली. ट्रॅप माझ्या डाव्या हातात होता, हे पाणी पायांवर पडल्यावर कळलं.

पण जमलं! पाणी भोवरा घेत सरळ खाली गेलं. मी सगळ्यांना बोलावून ते दाखवलं, आईला दोनदा. खर्च हजाराच्या वर गेला होता, पण स्वावलंबनाचा हिशेब पैशांत करत नसतात.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या काकू.

"तुमच्याकडे आज मटकी होती का हो?"

तुंबारा मी काढला नव्हता, फक्त तीन मजले खाली ढकलला होता.

शेवटी चेंबर साफ करणाऱ्याला बोलावणं गेलं. माझ्या हातात दुहेरी हातमोजे, तोंडाला कापूर लावलेला मास्क. तो झाकणाशी उकिडवा बसला आणि उघड्या हातांनी बांबूची कामटी आत सारू लागला. मी माझे जादा हातमोजे पुढे केले. "मोज्यात कामटी बोलत नाही साहेब," तो म्हणाला, "नळी कुठं वळते ते कळत नाही." आणि दहा मिनिटांत, डोळे भलतीकडे लावून, नुसत्या बोटांनी त्यानं ते सगळं वाचून काढलं.

सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. असा माणूस आत मेला तर घरच्यांना ३० लाख द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालय २०२३ मध्ये म्हणालं. म्हणजे माणसं अजून उतरतात आणि अजून मरतात. आमचं चेंबर उथळ, हा काठावरच बसला होता, पण म्हणून त्याचे हात काही वेगळ्या कातड्याचे नव्हते. मी सकाळपासून सात वेळा साबण लावला होता. त्याला हात धुवायला सोसायटीनं बागेतला पाइप दाखवला आणि चहा कागदी कपात दिला. बाकी सगळे काचेच्या ग्लासात पीत होते, मीही. मी काही बोललो नाही.

वर येऊन फोन उघडला. अकरा वर्षं तो माझ्याकडे 'चेंबर' या नावानं साठवलेला होता. मी पुन्हा खाली गेलो आणि जरा चाचरत विचारलं, "तुमचं नाव काय हो?" जन्मात पहिल्यांदा त्याला अहोजाहो करत होतो. त्यानं नाव सांगितलं. मग म्हणाला, "थांबा, तुमचंही घालून घेतो," आणि खिशातून फोन काढला.

मी वाकून पाहिलं. माझा नंबर त्याच्याकडे होताच. नाव होतं: 'तूपवाले, ३०२'.