पार्किंगमधला गंधपंडित

गृहनिर्माण संस्थेत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही पदे निवडणुकीने भरली जात असली, तरी गंधपंडित हे पद स्वयंघोषित असते आणि ते रिकामे राहिल्याचे सहसा आढळत नाही. शेजाऱ्याच्या मोटारीचा दरवाजा उघडताच आत डोके घालून, डोळे मिटून दीर्घ श्वास घेणारा आणि मालकाच्या ध्यानीमनी नसताना ‘पेट्रोलचा वास मारतोय’ असा निकाल देणारा गृहस्थ म्हणजे गंधपंडित, अशी त्याची व्याख्या करता येईल.

हा वर्ग प्रायः सेवानिवृत्त असून त्याचे शिक्षण कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात झालेले असते. त्या गाडीत कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करून इंजिनाला पुरवणारा भाग, असे. त्यातील फ्लोट नावाची तरंगती डबी पेट्रोलची पातळी राखी, आणि तिच्या हालचालीवर उघडमीट करणारी सुईसारखी झडप कचऱ्याने अडकली की पेट्रोल उतू जाऊन त्याचा वास थेट प्रवाशांपर्यंत पोहोचे. ‘कार्बोरेटर ओव्हर होतोय’ हे तेव्हाचे निदान आणि पान्याच्या दांड्याने त्यावर हलकेच ठोकणे हा तेव्हाचा उपचार. दोन्ही बहुधा बरोबर ठरत, आणि पंडिताच्या आत्मविश्वासाचे मूळ या जुन्या यशात आहे.

2000 च्या सुमारास नव्या मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला, तथापि पंडिताच्या संभाषणातून तो गेला नाही. आता टाकीतला विजेचा पंप पेट्रोलला दाब देतो आणि इंजेक्टर, म्हणजे ठरलेल्या क्षणी इंधनाचा फवारा सोडणारी तोटी, ते इंजिनात पाठवतो. परंतु पंडित बॉनेट उघडून, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली कार्बोरेटर दडवला असल्याच्या खात्रीने पाना मागवतो. अनेक मोटारींत पंप मागच्या आसनाखाली बसवलेला असतो आणि त्याच्या झाकणाचे रबर सैल झाले तर वास नेमका तिथूनच आत शिरतो, हे त्याला कोणी सांगितले तरी तो बॉनेटपाशीच उभा राहतो, कारण मागच्या आसनाभोवती श्रोत्यांना उभे राहण्यास जागा नसते.

या विद्येत पंथभेदही आहेत. मूषकवादी पंथ पावसाळ्यात आसऱ्याला आलेल्या उंदरांनी रबरी नळी कुरतडल्याचे सांगून बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या ठेवण्यास फर्मावतो. इथेनॉलवादी पंथ 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाने जुन्या गाडीचे रबर खराब झाल्याचे सांगतो. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य असू शकते, मात्र नळी वाकून पाहण्याचा प्रघात कोणत्याही पंथात नाही. सुगंधवादी पंथ डॅशबोर्डवर कापराची पुरचुंडी ठेवून रोगाऐवजी रोग्याची तक्रार बंद करतो. काडी पेटवून गळती शोधावी असे मानणाराही एक पंथ होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती गाडीच्या तळाशी साचते आणि हवेत तिचे प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असताना ती ठिणगीने पेट घेते, त्यामुळे या पंथाला अनुयायी का टिकले नाहीत याचे वेगळे विवेचन करण्याची गरज नाही.

निदानाची खरी किल्ली एका प्रश्नात आहे आणि तो प्रश्न पंडित कधीच विचारत नाही, तो म्हणजे वास केव्हा येतो. टाकी भरल्यावर येत असेल तर टाकीचे झाकण, तिच्या तोंडापासूनची नळी आणि पंपाचे झाकण तपासावे लागते. थंड इंजिन सुरू करताना येत असेल तर इंजेक्टरभोवतीच्या रबरी कड्या संशयित ठरतात. आणि गाडी नुसती उभी असतानाही येत असेल तर गळतीबरोबरच कॅनिस्टर, म्हणजे टाकीतली वाफ शोषून धरणारा कोळशाचा डबा, पाहावा लागतो. हा डबा वाफेसाठी असतो, पेट्रोलसाठी नव्हे. पेट्रोल पंपावरची नळी आपोआप बंद झाल्यानंतरही ‘राउंड फिगर करा’ म्हणत टाकी काठोकाठ भरली, तर पातळ पेट्रोल त्यात शिरून कोळसा भिजू शकतो आणि मग वास हटत नाही. येथे नमूद करणे प्राप्त आहे की, राउंड फिगरची ही दीक्षा साऱ्या इमारतीला बहुधा गंधपंडितानेच दिलेली असते.

असे असले तरी या पदाची उपयुक्तता नाकारता येत नाही. सतत येणाऱ्या वासाला मनुष्याचे नाक थोड्याच वेळात सरावते, त्यामुळे रोज त्याच गाडीत बसणाऱ्या मालकाला जे कळत नाही ते बाहेरून आलेल्या पंडिताच्या ताज्या नाकाला तत्काळ कळते, आणि वास येतो एवढे त्याचे विधान क्वचितच चुकते. म्हणून वाहनधारकांनी गंधपंडिताच्या नाकावर पूर्ण विश्वास ठेवावा, जिभेवर मुळीच ठेवू नये. त्याने वास मारतोय म्हणताच इंजिन बंद करून काचा खाली कराव्यात आणि पुढचे व्याख्यान सुरू होण्याआधी मेकॅनिकला बोलवावे.