उमेदवार ठरला, कळवायचं राहिलं

सौरव गांगुली घराबाहेर पडला की बंगालच्या राजकीय पंडितांची दिवाळी होते. डिसेंबर २०२० मध्ये तो राजभवनात राज्यपालांना भेटला आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीत अरुण जेटलींच्या पुतळ्याच्या अनावरणाला अमित शहांसोबत दिसला. झालं! भाजपचा मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार ठरला. फक्त गांगुलीला कळवायचं राहिलं. निवडणूक झाली, तो रिंगणात नव्हताच. मे २०२२ मध्ये शहा त्याच्या घरी जेवायला गेले, तर शाकाहारी ताटालाही पक्षप्रवेशाचा वास आला. क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षानं सचिवाच्या वडिलांना जेवू घातलं, एवढं साधं कारण कुणाला चालतंय? पुढच्या वर्षी ममता बॅनर्जींच्या दौऱ्यात त्यानं माद्रिदमध्ये पोलाद कारखान्याची घोषणा केली आणि पंडितांनी त्याला तृणमूलच्या दारात नेऊन उभं केलं.

या धंद्यात खोट कधी येत नाही. भाकीत खरं ठरलं तर ‘आम्ही म्हटलंच होतं’, नाही ठरलं तर ‘पडद्यामागे फिसकटलं’. ऑफ साइडला मोकळी जागा हेरण्यात गांगुलीचा हात कुणी धरत नसे. पंडितांना मात्र मोकळी जागा लागतच नाही. ते थेट मनातच फटका मारतात.