शाश्वत फॅशन, मुक्काम पोस्ट जोयडा

संयोजक समितीस,

तुमच्या डिझाइन कॉलेजचं पत्र पोचलं. नाव गाळतो, कारण हेतू चांगला आहे. कर्नाटकातल्या जोयड्यात दोन दिवसांचा 'सस्टेनेबल फॅशन पॉप-अप' भरवायचा, त्यात वस्त्रकला, 'स्लो फॅशन' आणि स्थानिकांचं प्रबोधन, असा बेत दिसतो. 'स्लो'ची काळजी सोडा. अनमोड घाट चढून आलात की मोबाइलची रेंज जाते, पुढचं सगळं आपोआप स्लो होतं. पॉप-अप म्हणजे काय, हेही कुणाला समजावत बसू नका. उळवीला चन्नबसवेश्वराच्या जत्रेत बैलगाड्या येतात, दुकानं उभी राहतात आणि जत्रा संपली की सगळं गुंडाळून माणसं घरी जातात. त्यासाठी अजून कुणी क्युरेटर नेमलेला नाही.

प्रबोधनाचं मात्र जरा अवघड आहे. 'झिरो वेस्ट' कार्यशाळा तुम्ही घेणार आणि समोर बसणार सिद्दी बायका. यांच्या पूर्वजांपैकी बऱ्याच जणांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं, आणि तिथून निसटून ते या रानात शिरले. नेसून विरलेलं लुगडं, नवऱ्याचा सदरा, पोराची चड्डी, जे हाती येईल त्याचे तुकडे जुन्या साडीवर मांडून त्या कवंदी शिवतात. आपल्या वाकळेची सख्खी बहीणच ती. कडेनं सुरुवात करायची आणि धावदोरा घालत घालत फेऱ्यांनी मध्यावर यायचं. कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवायचे, त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडीनागडी, अशी समजूत. तुमच्या वेळापत्रकात या सगळ्याला 'हँड्स-ऑन सेशन, ४५ मिनिटं' दिलीत. तेवढ्यात पहिली कड सुरू होईल आणि चहा येईल.

आणि एक. उद्घाटनाच्या भाषणात 'या कलेला आम्ही व्यासपीठ मिळवून देऊ' असं वाक्य आहे, ते खोडा. हेन्री ड्रेवाल नावाचे अमेरिकन प्राध्यापक या कवंद्यांच्या नादी लागले. २००४ मध्ये या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली त्यात त्यांचा हात होता. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, शॉम्बर्ग सेंटरात, कवंद्या भिंतीवर लागल्या. आता तुमचं व्यासपीठ म्हणजे शाळेच्या पटांगणातली सहा टेबलं. तरी बायका येतील. बोलावलं की जायचं, ही त्यांची रीत आहे.

अपसायकलिंगसाठी शहरातून जुने कपडे गोळा करून टेंपो भरून आणणार म्हणता. आणा, पण निवडून आणा. त्यातलं पॉलिस्टर काढलं तर टेंपोऐवजी स्कूटरही पुरेल. कवंदीला सुती जुनेर लागतं: धुऊन धुऊन मऊ झालेलं, घाम पिणारं, सुईला वाट देणारं. तुमचा कपडा चार वेळा घालून कंटाळलेला असतो, जुना झालेला नसतो. या दोहोंतला फरक समजावायला एखाद्या सिद्दी आजीला पाहुणी व्याख्याती म्हणून बोलवा. मानधनाच्या रकान्यात तुम्ही 'प्रमाणपत्र व रोपटं' लिहिलंय. रोपटं! जोयड्यात! इथं अंगण झाडून ठेवलं नाही तर रानच घरात येतं. रोख द्या.

आता कुणबी साडीचा रॅम्प वॉक. ही साडी लाल-पांढऱ्या चौकटींची, आखूड नेसलेली, खांद्यावर गाठ मारलेली. चिखलात वाकून लावणी करायची तर असंच नेसावं लागतं. ती मागं पडत चालली होती, तेव्हा गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनी विणकरांना हाताशी धरून ती पुन्हा विणून घेतली आणि २०१० च्या सुमारास फॅशनच्या मंचावर नेली. काम मोलाचं होतं. तेव्हापासून, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी लावणी केली नाही अशा बायकांनाही ती साडी फार खुलून दिसते.

मंचावर 'ट्रायबल चिक' असा फलक लावणार असाल तर एक कायदेशीर अडचण सांगून ठेवतो. गोव्यातला कुणबी २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत गेला. उत्तर कन्नड जिल्ह्यातला सिद्दीही त्याच साली गेला. पण जोयड्याचा कुणबी, ज्याचे वाडवडील गोव्यातूनच घाट चढून आले, तो निवेदनं देऊन थकला तरी कर्नाटकाच्या यादीत नाही. म्हणजे तीच साडी अनमोडच्या नाक्यापलीकडे आदिवासी आणि अलीकडे नुसतीच चौकटीची. सबब फलकावर 'ट्रायबल (मागणी प्रलंबित)' असं लिहावं.

'रानातल्या माणसांकडून जगायला शिकू या' हा परिसंवादही झकास. त्याला वनखात्याचा माणूस जरूर बोलवा. इथल्या काळी व्याघ्र प्रकल्पातून स्वखुशीनं बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला १५ लाखांचं पॅकेज आहे. तुमचा वक्ता सांगेल, यांच्यासारखं जगा. साहेब सांगतील, असं जगणं सोडा आणि पैसे घ्या. मधे बसलेल्या कुणबी काकांना माइक शेवटी द्या, म्हणजे वेळ संपलेला असेल.

स्वयंसेवकांसाठी २०० नवे कोरे टी-शर्ट, छातीवर 'सेव्ह द प्लॅनेट'. एका सुती टी-शर्टामागं सुमारे २,७०० लीटर पाणी लागतं, हे तुमच्याच पत्रकात आहे. एकंदर ५,४०,००० लीटर झालं. संकोच करू नका. पाण्याच्या बाबतीत या तालुक्याचं मन मोठं आहे. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, तेव्हा सुपा, म्हणजे तालुक्याचं मूळ ठाणंच, पाण्याखाली गेलं, आणि माणसं रामनगरात येऊन राहिली. त्या मानानं तुमचे टी-शर्ट किरकोळच.

राहता राहिला स्वागताचा ३० फुटी फ्लेक्स. पर्यावरणाच्या कार्यक्रमाला फ्लेक्स कसा लावायचा, म्हणून तुमच्यात वाद चालू आहे असं कळलं. खुशाल लावा. फक्त जाड घ्या, कडेला रिंगा घट्ट बसवून घ्या आणि उतरवताना मधे फाडू नका. जूनमध्ये पाऊस लागला की लाकडाच्या ढिगावर आणि गोठ्याच्या छपरावर घालायला असला कागद शोधत फिरावं लागतं. चार घरांनी आत्ताच नाव लावून ठेवलंय. प्राचार्यांचा फोटो मात्र एका टोकाला छापा. मधोमध असला की नेमकी तिथं घडी येते आणि पाणी साचतं.