गळ्यातले गोत्र

लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरील एखाद्या जुन्या क्लबात चामडी खुर्चीत रुतून बसलेला हा गृहस्थ नवागताकडे पाहतो, तेव्हा त्याची दृष्टी चेहऱ्यावर न जाता हनुवटीखाली चार बोटांवर स्थिरावते. आणि तेथील काळ्या रेशमावर फिक्या निळ्या बारीक तिरप्या रेघा आढळल्या, म्हणजे समोरचा इसम ईटन शाळेचा, अर्थात आपल्यातलाच, असा निवाडा देऊन मगच ती वर सरकते. आपल्याकडे जानवे सदऱ्याच्या आत असल्याने गोत्र विचारावे लागते. येथे ते बाहेरच लोंबत असल्यामुळे प्रश्न उरतो तो केवळ प्रवराचा, म्हणजे ‘हाऊस कोणते?’ एवढाच.

या वृत्तीला इंग्रजांनी ‘ओल्ड-स्कूल-टाय’ हे सामासिक विशेषण बहाल केले असून, ‘टाय’ म्हणजे गळपट्टीही आणि बंधही, हा श्लेष आपल्या पंडित कवींनीही मान डोलवावी इतका बेमालूम साधला आहे. 1880 साली ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजातील वल्हेकऱ्यांनी गवती टोप्यांच्या रंगीत फिती सोडून गळ्यात बांधल्या आणि या पट्ट्यांचा संप्रदाय तेथून सुरू झाला, असे सांगतात. त्या दिवसापासून पट्टीचा डोक्याशी असलेला संबंध सुटला, हे मात्र वैऱ्यांचे म्हणणे. 1930 नंतरच्या दशकात ती विशेषण होऊन वाक्प्रचारात रुळली.

आमचा गृहस्थ दुष्ट नव्हे. नेमणुकीच्या समितीवर तो उमेदवारांचे अर्ज, दाखले, शिफारसपत्रे चष्मा पुसून वाचतो. परंतु साध्या शाळेतून पहिल्या वर्गात आलेला मुलगा त्याला ‘जरा फारच तयारी केलेला’ वाटतो, आणि कागदपत्रे आगगाडीत विसरून आलेला पट्टीधारी ‘भरवशाचा’. यात काही लपवण्याजोगे आहे, हेही त्याला उमगत नाही. 1923 साली पंतप्रधान झालेल्या बॉल्डविनसाहेबांनी मंत्रिमंडळात आपल्या हॅरो शाळेचे सहा जण घेण्याचा संकल्प केल्याचे त्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे मोकळेपणाने सांगितले होते. वतनदाराने वहिवाट सांगावी, तितक्या सहजपणे.

एकदा आगगाडीच्या डब्यात अशाच एका वृद्धाने माझ्या गळ्याकडे पाहून तंबाखूचा बटवा पुढे केला आणि ‘कोणत्या साली?’ म्हणून वात्सल्याने विचारले. ही पट्टी मी गेल्या रविवारी पेटिकोट लेनच्या बाजारात दीड शिलिंगास घेतली, असे मी प्रांजळपणे सांगताच त्याने बटव्याची नाडी सावकाश ओढली व यंदा पाऊस फार आहे, असे खिडकीला उद्देशून म्हटले.