मुलींनो, तुम्ही थांबा

नेरूळमधल्या कुठल्याही मराठी शाळेत विज्ञानाच्या अशा एक बाई असतातच. परागण शिकवायचं म्हटलं की शेजारच्या सोसायटीच्या कुंपणातली जास्वंद तोडून आणतात, पुंकेसर-स्त्रीकेसर सुटे करून बाकाबाकांवर फिरवतात, तीन तास फुलात रमतात. माणसाच्या प्रजननाला मात्र घंटा व्हायला दहा मिनिटं उरलेली असतात. "हे घरी वाचा. परीक्षेला येतं." दहावीच्या पुस्तकात ऋतुचक्र आकृतीसकट छापलंय, पण त्या पानावर बाईंना नेमका फळा पुसायचा असतो.

2007 साली विधिमंडळात गदारोळ होऊन राज्य सरकारने शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं, तेव्हा बाई नोकरीत नव्या होत्या. "सुटलो!" म्हणाल्या. सरकारवर त्या खूश झाल्याचा तेवढा एकच प्रसंग.

वर्षातून एकदा फर्मान निघतं, "मुलींनो, तुम्ही थांबा. मुलांनो, ग्राउंडवर." मग दारं-खिडक्या बंद. पाळीवर दहा मिनिटं, उरलेला तास ओढणी, स्कर्टची लांबी आणि "पाम बीच रोडला कुणाच्या बाइकवर दिसलात तर याद राखा!" बाकावर बदाम कोरणारा मुलगा सापडला तर "वयच आहे मेलं." वहीत बदाम काढणारीच्या आईवडिलांना बोलावणं जातं, आणि सोबत मामाही येतो.

दरवर्षी महर्षी कर्व्यांवर मुलींकडून भाषण बसवून घेतात. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढत होते, त्यापायी कोर्टाची पायरी चढले, हा विषय काढलात तर म्हणतील, "ते वेगळे कर्वे."

पण प्रयोगशाळेत बाईंचं एक कपाट आहे. लिटमस पेपरच्या मागे पॅड, जादा सलवार, गरम पाण्याची पिशवी, ग्लुकोजची बिस्किटं, सगळं स्वतःच्या पगारातून. पोट धरून आलेल्या मुलीला बाई एक शब्द न विचारता किल्ली देतात. किल्ली कुठे असते हे शाळेतल्या झाडून साऱ्या मुलींना ठाऊक.

यंदा एक मुलगा दारात आला. "बाई, किल्ली. तिला उठता येत नाहीये. मी माझा रेनकोट दिलाय."

"तुला काय कळतं रे यातलं?"

"सहामाहीला पाच मार्कांना होतं, बाई."

बाईंनी त्याला हाकललं आणि किल्ली घेऊन स्वतः धावल्या. संध्याकाळी गठ्ठ्यातून त्याचा पेपर काढून पुन्हा बघितला. पाचपैकी साडेचार. अर्धा तसाच कापलेला ठेवला, आकृतीला नावं दिली नव्हती.