राजमान्य राजश्री एच-निर्देशांक यांसी

राजमान्य राजश्री एच-निर्देशांक, मुक्काम निवडसमितीचे मेज, यांचे सेवेशी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

सन २००५ मध्ये सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात होर्हे हिर्श नामक पदार्थवैज्ञानिकाने आपणांस जन्म दिला, तेव्हा आपल्याकडून अपेक्षा इतकीच होती की, समव्यवसायी पदार्थवैज्ञानिकांच्या कर्तृत्वाची तुलना करताना परीक्षकांचे श्रम काहीसे हलके व्हावेत. परंतु दोन तपेही पुरी झाली नाहीत तोच आपला अंमल पदार्थविज्ञानाची शीव ओलांडून इतिहास, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा मुलखांवर पसरला, आणि आज प्राध्यापकाच्या पदोन्नतीचे दफ्तर आपल्या शिक्क्यावाचून पुढे सरकेनासे झाले, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करणे हे मी माझे कर्तव्य समजतो. मी उच्च शिक्षण या विषयाचा अभ्यासक आहे. म्हणजे विद्यापीठे विद्वानांना कशी मोजतात याचा अभ्यास करावयाचा, आणि मग त्याच विद्यापीठांकडून त्याच मापाने स्वतःला मोजून घ्यावयाचे, असा दुहेरी योग माझ्या पत्रिकेत आहे.

आपला मला सर्वांत भावलेला गुण असा की, आपल्या न्यायदानास वाचनाचा विटाळ होत नाही. ज्याचे बारा लेख प्रत्येकी निदान बारा वेळा कोणी ना कोणी उल्लेखिले, त्याचा अंक बारा. मग उल्लेख करणाऱ्याने त्या लेखांची थोरवी गायिली की त्यांतील प्रमाद चव्हाट्यावर मांडले, या क्षुल्लक चौकशीत आपण पडत नाही. एखाद्याने उभे आयुष्य वेचून एकच ग्रंथ सिद्ध केला आणि सहस्रावधी पंडितांनी तो शिरोधार्य मानला, तरी त्याचा अंक एक. उलट ज्याने एका ग्रंथाच्या ऐवजाचे पंचवीस तुकडे करून ते पंचवीस नियतकालिकांत वाटले आणि स्नेह्यांशी परस्परोल्लेखाचा तह केला, त्याला पंचवीसपर्यंतचा जिना मोकळा. शिवाय आपल्याला उतरण माहीत नाही. विद्वान लिहावयाचा थांबला, भलतेच लिहू लागला, किंबहुना निवर्तला, तरी एकदा चढलेला अंक चढलेलाच राहतो. इतके निर्वेध इनाम पेशवाईतही कोणास लाभले नसेल.

आता एक प्रकरण हुजुरांच्या निकालासाठी सादर करतो. कोल्हापूर जिल्ह्यात १९०७ साली जन्मलेले जे. पी. नाईक हे आपल्या देशातील शिक्षणविचाराचे एक प्रमुख शिल्पकार. सय्यद नूरुल्ला यांच्यासह १९४३ साली त्यांनी ब्रिटिश अमदानीतील हिंदी शिक्षणाचा इतिहास लिहिला, डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचेही ते पहिले सदस्य-सचिव. आणि समता, गुणवत्ता व संख्या हे तीन कोन एका वेळी हाती का लागत नाहीत, याची मीमांसा त्यांनी १९७५ च्या ग्रंथात केली. अशा मनुष्याचा अंक किती, हे विचारावयास मी आपल्या दारी आलो, तर दारावरच्या कारकुनापाशी मला वाटेला लावण्यास पुरेशी कारणे होती. आयोगाच्या अहवालाचा कर्ता आयोग, सचिव नव्हे. ग्रंथ हे नियतकालिक नव्हे. आणि ‘नाईक, जे.’ या नावाचे विद्वान गोव्यापासून कोल्हापूरपर्यंत इतके आहेत की, कोणाचा उल्लेख कोणाच्या खाती पडला, हे खुद्द चित्रगुप्तालाही सांगता येऊ नये.

पण खरी गंमत पुढेच आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के खर्च व्हावेत, अशी शिफारस त्या आयोगाने केली. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती उचलली, २०२० च्या धोरणाने पुन्हा उच्चारली, आणि दरम्यानच्या काळात अर्थसंकल्प सादर झाला की विरोधी पक्षाचा सभासद, वृत्तपत्राचा अग्रलेखकार आणि प्राध्यापक संघटनेचा चिटणीस हे तिघेही त्या सहाचा पुकारा करीत आले. (ते सहा टक्के मिळाले काय, हा प्रश्न आपल्या अधिकारकक्षेबाहेरचा आहे.) हा पुकारा करणाऱ्यांपैकी किती जणांनी तळटीप दिली असेल? जो विचार लोकांच्या बोलण्यात मुरतो, त्याचा जनक विसरला जातो. या प्रकाराची नोंद रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने केव्हाच करून ठेवली आहे; आणि फिलाडेल्फियात उल्लेखांच्या सूचीचा धंदा ज्यांनी उभारला, म्हणजे नात्याने जे आपले आजोबा लागतात, त्या युजीन गारफील्ड यांनीही १९७५ साली, असे लुप्त होणे हा विद्वानाचा सन्मानच होय, अशा आशयाचे लिहिले होते. आजोबांचे हे लिखाण आपल्या वाचनात नसणारच. आपण वाचीत नाही, हे वर आलेच आहे.

अशीच कथा उच्च शिक्षणाचे अभ्यासक मार्टिन ट्रो यांची; ती थोडक्यात सांगतो. तरुणांपैकी १५ टक्क्यांपर्यंत विद्यार्थी असतील तर उच्च शिक्षण अभिजनांचे, ५० पर्यंत बहुजनांचे, त्यापुढे सार्वत्रिक, ही त्यांची विभागणी आज शिक्षणखात्याच्या दुय्यम अधिकाऱ्यालाही तोंडपाठ आहे. मूळ निबंध मात्र एकदा १९७३ साली आणि पुन्हा १९७४ साली वेगवेगळ्या ठिकाणी छापला गेल्यामुळे त्याचे उल्लेख भाऊबंदकीतल्या जमिनीसारखे वाटले गेले आहेत. त्यातही वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गूगल स्कॉलर या उल्लेख मोजणाऱ्या तीन कचेऱ्यांत एकाच मनुष्याचे तीन निरनिराळे अंक निघतात, आणि अर्जदार स्वाभाविकच सर्वांत मोठ्या अंकाचा दाखला जोडतो.

आपल्या प्रेरणेने आमच्याकडे काय घडले, ते आपल्या कानी आलेच असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्रकाशनांना गुण लावले. नियतकालिकांचे अमाप पीक आले. २०१८ साली त्यांतील ४,३०५ नावे आयोगाला मान्यतेच्या यादीतून खोडावी लागली. मग पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने नवी यादी सिद्ध झाली, आणि २०२५ मध्ये तीही रद्द झाली. खुद्द आपल्या जनकाने २०२० साली आपल्या दुष्परिणामांबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, हे ऐकून वाईट वाटले; कर्तबगार संततीची कदर घरात होत नाही, हेच खरे.

तरी विनंती अशी की, ज्याचे म्हणणे सर्वांच्या तोंडी आहे आणि नाव कोणाच्याच तळटिपेत नाही, अशा अभ्यासकाची नोंद कोणत्या रकान्यात करावी, याचा खुलासा उलट टपाली व्हावा. आमच्या विभागाच्या तक्त्यात ‘इतर’ हा रकाना आहे, परंतु त्यात वृक्षारोपण आणि रक्तदान शिबिर आधीच भरलेले आहे. तक्ता दाखल करण्याची मुदत मार्चअखेर संपते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
अंक चार